तुम्ही विचारलेत म्हणून: रस्त्यालाही आणि ट्रॅकलाही चालणारा टायर

रस्त्यालाही चालेल आणि ट्रॅकवरही टिकेल असा एकच टायर सांगा, असे मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारले जाते. त्यावर ‘पावसात गाडीत कोण बसते?’ असे मी उलट विचारले, की मी उत्तर टाळतो आहे असे लोकांना वाटते. पूर्वी मी टाळत नसे. दोनशे ट्रेडवेअरचा (ट्रेडवेअर म्हणजे टायरवर छापलेला झिजेचा आकडा; तो कमी असला की टायर लवकर झिजतो) मऊ टायर घ्या आणि वर्षभर तोच वापरा, असे मी अनेकांना छातीठोकपणे सांगितले आहे.

२०१९ च्या जुलैत कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर मी असेच चार महिन्यांचे टायर घेऊन गेलो होतो. कोरड्या डांबरावर त्यांनी जी पकड दिली ती मी आजही नाकारणार नाही. थंड असताना २८ पीएसआय असलेली हवा पिटमध्ये परतल्यावर ३५ दाखवत होती, आणि टायर कुठवर घासतो हे पाहायला त्याच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे कडेवर, खडूने ओढलेल्या रेघा पुसल्या जाऊन तिथले रबर सोलल्यासारखे झाले होते. मधल्या खाचा अजून तीन मिलिमीटर आहेत, टायर बदलायला हवा हे सांगणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या बऱ्याच वर आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्याच टायरवर पुण्याकडे निघालो.

साताऱ्याला आईला गाडीत घेतले. खंबाटकीच्या बोगद्यातला रस्ता कोरडा होता. बाहेर पडलो तर उतारावर पाण्याचा सलग थर वाहत होता, आणि पुढे ते दुहेरी वळण. स्टिअरिंग हातात एकाएकी हलके झाले. मी ते वळवले होते, गाडी मात्र सरळच जात होती. मागच्या सीटवरचा आईचा स्टीलचा डबा दारावर आदळला, झाकण उडाले, आणि गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. बराच वेळ वायपरचाच आवाज येत होता. मग आईने विचारले, ‘टायर नवे आहेत ना रे?’ मी ‘हो’ म्हणालो, आणि ते खरे होते.

वेग सत्तर होता, इतरही त्याच वेगाने येत होते, असे मी पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिलो. पण इतरांच्या टायरला पाणी बाहेर फेकायला खोल खाचा होत्या. माझ्या टायरला मुळातच कमी होत्या आणि त्यातल्या निम्म्या मी ट्रॅकवर घासून आलो होतो. शिवाय ते रबर तापल्यावर चिकटणारे, आणि त्या पावसात ते तापणार कसे? दोनशेच्या ज्या आकड्यावर मी विसंबलो होतो तो झिजेचा आकडा आहे, ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा नव्हे, आणि तोही प्रत्येक कंपनी आपला आपण ठरवते.

म्हणून आता मी ओल्यात चांगला ब्रेक लागणारा रस्त्याचा टायर घ्या म्हणतो, आणि ट्रॅकवर त्याला थंड व्हायला चार फेऱ्यांनंतर एक संथ फेरी द्या. अगदी नवा कोरा टायर मात्र ट्रॅकवर नेऊ नका. त्याच्या खाचांमधले रबराचे उंच ठोकळे वळणात डुलतात, तापतात आणि त्यांचे तुकडे निघतात. वेगळा संच ठेवा, हा सल्ला बरोबर आहे, पण चार चाके मागची सीट पाडून अकराशे किलोमीटर न्यायची कशी, हे मला आजवर जमलेले नाही.

गेल्या डिसेंबरात मी रस्त्याच्याच टायरवर ट्रॅकवर उतरलो. तिसऱ्या फेरीपासून पुढची चाके घसरू लागली आणि मी हात आखडता घेतला. घरी परतल्यावर आठवड्याभरात मी मऊ टायरची किंमत पुन्हा विचारून आलो आहे.