कॅप्रिस वॅगन, नोंद सहावी: कार्बोरेटर ताळ्यावर, काच अजून रुसलेली

मागच्या नोंदीला अडीच महिने झाले. मिशिगनच्या थंडीत गॅरेजमध्ये पाना हातात धरवत नव्हता, त्यामुळे खरं काम मार्च-एप्रिलमध्येच झालं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १९८९ची शेवरले कॅप्रिस क्लासिक स्टेशन वॅगन, रंग मरून, बाजूंना लाकडी छापाचं विनाईल, मागे उलट्या तोंडाची तिसरी सीट. लांबी जवळपास १८ फूट. आमच्या घरी १९९२ ते २००१ अगदी अशीच एक होती. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचा पत्रा खाल्ला आणि बाबांनी ती भंगारात दिली. ही दुसरी आहे, ओहायोतल्या एका कोठारात कोंबड्यांच्या सहवासात सापडलेली.

आधी माझा गाढवपणा सांगतो, म्हणजे तुमचा एक शनिवार वाचेल.

बॉनेटवर शेवरलेचा बिल्ला असला तरी या वर्षांच्या वॅगनमध्ये आत ओल्ड्समोबाईलचं (त्याच जनरल मोटर्सच्या दुसऱ्या ब्रँडचं) ३०७ घनइंची, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आहे, १४० अश्वशक्तीचं. (१९७७मध्ये याच्या उलट झालं होतं. ओल्ड्समोबाईल घेतलेल्या लोकांना आत शेवरलेचं इंजिन सापडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.) पुढच्या बाजूला तेल भरायची उभी नळी दिसली की समजायचं, ओल्ड्सचं इंजिन. मला ती दिसत होती. तरी प्लगच्या नव्या वायरी लावताना मी मॅन्युअलमधलं शेवरलेचं पान उघडून बसलो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, दोन्हींची एकच, १-८-४-३-६-५-७-२. पण वायरींना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा रोटर शेवरलेत घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, ओल्ड्समध्ये उलटा, त्यामुळे माझ्या वायरी उलट्या क्रमाने लागल्या. किल्ली फिरवली आणि कार्बोरेटरमधून असा बार उडाला की शेजारचा कुत्रा संध्याकाळपर्यंत कोचाखालून बाहेर आला नाही.

वायरी नीट लावल्यावर इंजिन चालू झालं, पण धुरात पेट्रोलचा वास आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की धापा टाकायची. सेडानला १९८९मध्ये पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन मिळालं होतं, वॅगनला मात्र १९९०पर्यंत हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा क्वाड्राजेट कार्बोरेटरच, तोही कॉम्प्युटरच्या ताब्यातला. लोक याला घाबरतात आणि काढून फेकतात. फेकू नका. कार्बोरेटरजवळ हिरव्या रंगाचा एकटा पडलेला कनेक्टर असतो. त्याला ड्वेल मीटर (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते अंशांत दाखवणारा) लावायचा आणि गाडी आठ सिलिंडरची असली तरी मीटर सहा सिलिंडरवर ठेवायचा. इंजिन गरम झाल्यावर काटा ३०च्या आसपास डुलत राहिला पाहिजे. माझा ५२वर जाऊन बसला होता, म्हणजे कॉम्प्युटर बिचारा जीव तोडून पेट्रोल कमी करत होता आणि तरी कमी होत नव्हतं. झाकण उघडलं तेव्हा कारण कळलं. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, इतकी वर्षं पेट्रोल पिऊन जड झालेला. तो नीट तरंगेना, आणि पेट्रोलची पातळी वर चढलेली. नवा आणि जुना फ्लोट दोन तळहातांवर ठेवून पाहिले, डोळे मिटूनही फरक कळत होता. फ्लोट बदलला, उंची मोजून बसवली. काटा आता २८ ते ३५मध्ये डुलतो. बाबा स्टूल घेऊन दहा मिनिटं नुसता तो काटा बघत बसले होते.

आता टेलगेट. हे दार खाली फळीसारखंही पडतं आणि बाजूला कपाटासारखंही उघडतं. फळीसारखं पाडायचं तर आधी काच आत उतरवावी लागते, आणि काच विजेवर चालते. माझी काच अर्ध्यावर अडकलेली. मोटर ठीक निघाली. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायरी दर वेळी वाकतात, त्या आतल्या आत तुटलेल्या. बाहेरचं आवरण मात्र शाबूत, म्हणून मी दोन आठवडे फ्यूजच्या मागे लागलो. चार वायरी सोल्डर केल्या. काच खाली जाते. वर येताना शेवटच्या तीन बोटांवर थांबते आणि हाताने ढकलावी लागते. रबराच्या खाचेत घाण असावी, पुढच्या रविवारी बघतो.

तिसरी सीट बसवून पाहिली आणि काम तिथेच थांबलं, कारण मी तिच्यात जाऊन बसलो. वय ४४, गुडघे हनुवटीला. १९९३च्या उन्हाळ्यात आजी साताऱ्याहून आली होती आणि आम्ही मॅकिनॉ पूल बघायला उत्तरेला निघालो. आजी पुढच्या लांब सीटवर, पट्टा लावून आणि वर मांडी घालून. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पायांना अडथळा काहीच नाही. “ओसरीच आहे की रे ही,” म्हणाली. मधल्या सीटवर आई, मावशी, थालीपिठांचा डबा. मी आणि ताई मागे, उलटे. सगळ्यांना पूल समोरून येताना दिसतो, आम्हाला तो होऊन गेल्यावर दिसला: आधी डोक्यावरून काहीतरी गेल्याची सावली आणि मग एकदम तो प्रचंड मनोरा, आमच्यापासून लांब लांब जाणारा. मधल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. तिच्यावर टायर घुमायला लागले आणि ताईने घाबरून माझं मनगट धरलं. ती आज ते मान्य करत नाही.

लाकडी छापाबद्दल. पूर्वी रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि सामान आणायच्या या गाड्या खरोखर लाकडी अंगाच्या असत आणि मालकाला त्यांना होडीसारखं व्हार्निश लावत बसावं लागे. पत्रा आला, लाकूड गेलं, पण लाकडाचं चित्र राहिलं. माझ्या गाडीवरचं चित्र उन्हाने पांढरं पडलंय. नवं विनाईल आणलंय. उजव्या बाजूच्या मागच्या चाकावर पहिल्याच प्रयत्नात बुडबुडे आले. चिकटवण्याआधी खाली मारायचं साबणाचं पाणी कमी पडलं. सोलून काढलं, १८० डॉलर गेले. यावर जास्त बोलत नाही.

इंजिन काढून नवं दणकट घाल, असा सल्ला तिघांनी दिला. मनापासून आभार, पण नाही. आमची गाडी चढावर हळूच जायची आणि मागच्या ट्रकवाल्याला हॉर्न वाजवायची खूण करायला आम्हाला भरपूर वेळ मिळायचा.

तिसऱ्या सीटच्या पाठीचा डावा खटका तुटलाय. १९७७ ते १९९०मधल्या एखाद्या भंगारातल्या वॅगनमध्ये कुणाला दिसला तर माझ्यासाठी काढून ठेवा. रंग कुठलाही चालेल. पट्ट्यांची बकलं असली तर तीही हवीत, दोन.