सतरा वर्षांखालील म्हणजे नेमकं किती?

१ जानेवारी २००८ला जन्मलेला मुलगा नोव्हेंबर २०२५मध्ये कतारला फुटबॉलचा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळू शकत होता. तेव्हा त्याचं वय सतरा वर्षं दहा महिने. आदल्या रात्री, म्हणजे ३१ डिसेंबर २००७ला जन्मलेला मात्र नाही. त्याच्यात आणि पहिल्यात फरक काही तासांचा, पण एक आत आणि एक बाहेर. स्पर्धेच्या नावातला आकडा शब्दशः घेऊन बरेच पालक इथेच चुकतात. ‘आमच्या झिलाला सतरा पूर्ण झाली, संपलं आता’ म्हणून ज्याचा नाद सोडला, त्याच्याकडे ते साल संपेपर्यंत वेळ असतो.

हिशेब सोपा आहे. स्पर्धेच्या सालातून सतरा वजा करा. उत्तर येईल त्या सालाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्म हवा. २०१७ला आपल्याकडे मडगावच्या फातोर्ड्यात आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा ही तारीख होती १ जानेवारी २०००. २०२६साठी १ जानेवारी २००९. शाळेची इयत्ता, दहावीचं वर्ष, जूनचा प्रवेश यांचा इथे काही संबंध नाही. शालेय स्पर्धांचं परिपत्रक वेगळं असतं, ते वेगळं वाचावं. दोन्ही एकच समजून चालू नये.

यात आणखी एक गोम होती, ती आता सुटली. २०२५पर्यंत मुलांचा हा विश्वचषक दोन वर्षांनी एकदा व्हायचा. म्हणजे २०००, २००२, २००६ अशा सालांत जन्मलेल्यांना तो वयाच्या भरात मिळायचा. २००१चा मुलगा २०१७ला सोळा वर्षांचा, समोर आपल्यापेक्षा वर्षाने मोठे, आणि २०१९ला वयाबाहेर. त्या वयात एका वर्षात उंची, वजन, धाव सगळंच बदलतं, त्यामुळे विषम सालातल्या मुलांना संघात शिरायला दुप्पट जोर लावावा लागायचा. २००४वाल्यांचं तर विचारूच नका, त्यांची २०२१ची स्पर्धा करोनात रद्दच झाली. मुलींचंही तेच. भारतात व्हायची २०२०ची स्पर्धा आधी पुढे ढकलली, मग रद्द केली आणि २०२२ला दिली, पण वयाची अट तोवर सरकून १ जानेवारी २००५वर आली होती. २००३ आणि २००४च्या मुलींनी शिबिरांत घाम गाळला आणि सामने बघायला गॅलरीत बसल्या. आता मुलांची आणि मुलींची, दोन्ही स्पर्धा दर वर्षी होतात. मुलांचे संघ २४वरून ४८ झाले. आशियाई चषकात सोळा संघ असतात आणि त्यातले उपांत्यपूर्व फेरीत पोचलेले आठ विश्वचषकाला जातात. म्हणजे भारताला उपांत्यपूर्व फेरी गाठली की झालं. अवघडच आहे, पण आशियातले चारच संघ जायचे त्या काळाइतकं नाही.

मात्र आशियाई चषकाची पात्रता फेरी आदल्या वर्षाच्या शेवटी होते आणि त्याआधी शिबिरं. म्हणून कागद लागतात ते मुलगा पंधरा-सोळाचा असताना. कोकणातली पोरं अडकतात ती इथे.

जन्मदाखला काढून टेबलावर ठेवा. त्यावर तीन तारखा असतात: जन्माची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. तिसरी कालची असली तरी काही बिघडत नाही, ती नक्कल काढल्याची तारीख. तपासणारा माणूस पहिल्या दोन तारखांमधलं अंतर बघतो. कायद्याने जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. महिन्यापर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. वर्षाच्या आतली नोंद असेल तर सहसा कोणी फार खोलात जात नाही. जन्म २००९चा आणि नोंद २०२१ची, तर दाखला खरा असला तरी भुवया उंचावतातच. अशा वेळी रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, पहिलीच्या प्रवेशाचा जनरल रजिस्टरचा उतारा, जे जुनं असेल ते जोडीला ठेवावं. जितका जुना कागद तितकं त्याचं वजन.

दुसरी अडचण म्हणजे नोंद सापडतच नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि अडचण झाली की तिथूनही पुढे. जन्माची नोंद होते जन्म झाला त्या ठिकाणी, घरच्या पत्त्यावर नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडची कितीतरी बाळं बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जन्मतात. त्यांची नोंद गोव्यात. गावच्या ग्रामपंचायतीत रजिस्टर कितीही चाळलं तरी ती मिळायची नाही. महाड-माणगावकडच्यांनी मुंबई-पनवेलच्या महापालिकांत शोधावं. आणि सापडत नाही म्हणून गावात नवी नोंद करून घेणं हा सगळ्यात वाईट उपाय. एका मुलाच्या दोन नोंदी निघाल्या की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट, दाखल्यावर मुलाचं नावच नसणं. बारशाआधी नोंद झालेली, नावाचा रकाना कोरा, आणि घरात सगळे निर्धास्त, ‘दाखलो आसा मा!’ नाव घालायला पहिलं वर्ष फुकट, पुढे शुल्क भरून पंधराव्या वर्षापर्यंत. मध्येमध्ये मुदतवाढ निघते, पण तिच्या भरवशावर राहू नये. योगायोग बघा, निवड चाचण्यांचं वय आणि ही मुदत एकाच सुमारास येतात. रकाना कोरा असेल तर उद्याच जा.

मग नावांचा मेळ. दाखल्यावर ‘प्रथमेश’, आधारवर ‘प्रथमेष’, शाळेत वेगळं आडनाव, पासपोर्टात वडिलांचं नाव मुलाच्या नावाला चिकटलेलं. फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणीत एकदा जे नाव-तारीख गेली ती नंतर बदलायला जीव जातो. (जन्मनोंदणीच्या सरकारी यंत्रणेलाही सीआरएसच म्हणतात. फोनवर कोणी ‘सीआरएसमध्ये चूक आहे’ म्हणालं तर आधी विचारून घ्या, कुठल्या.) दुरुस्तीचा क्रम उलटा करू नये. मूळ जन्मनोंद आधी, मग त्यावरून आधार, मग शाळा, मग पासपोर्ट. लेखनातली चूक निबंधक खात्री करून दुरुस्त करू शकतो, तपशीलच चुकलेला असेल तर माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. पासपोर्ट अल्पवयीन मुलाला पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा मिळतो, यातलं जे आधी ते. पंधरा ते अठरामधल्यांना दहा वर्षांचा मागता येतो. तो मागावा.

रत्नागिरी-रायगडातली बरीच कुटुंबं आखातात आहेत. कुवेतला, दोहाला जन्मलेला मुलगा भारताकडून खेळू शकतो, अट भारतीय पासपोर्टची. त्यासाठी वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद झालेली असावी. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाच्या, कार्डावर असलेला मात्र खेळू शकत नाही, मग त्याचे आजी-आजोबा खेडमध्ये बसून भात लावत असले तरी.

आता मनगट. २००९पासून फिफा मुलांच्या या स्पर्धेत वय तपासायला मनगटाचं एमआरआय करते. अंगठ्याच्या बाजूला हातातलं जाड हाड असतं, रेडियस. त्याच्या मनगटाकडच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि वय वाढेल तशी ती हाडात जुळून जाते. चित्रावरून तिला एक ते सहा अशी श्रेणी देतात. सहा म्हणजे पूर्ण जुळलेली, आणि तसा मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता जवळपास नाहीच असं धरलं जातं. क्ष-किरण नकोत म्हणून एमआरआय. देशातल्या वयोगट स्पर्धांत टीडब्ल्यू-३ नावाची पद्धतही चालते, तीत डाव्या हाताचा एक्स-रे काढून तेरा हाडांना गुण देतात.

लोकांचा गैरसमज असा की या चाचणीतून जन्मतारीख कळते. तसं नाही. सहावी श्रेणी आली तर मुलगा बाद, पण पाचवी आली म्हणून तो सतराच्या आतला आहे असं सिद्ध होत नाही. कित्येकांची कूर्चा अठरा-एकोणीसपर्यंत उघडी असते. त्यामुळे वय लपवणारा यातून निसटूही शकतो, म्हणूनच कागद आणि मनगट दोन्ही बघतात. ही मोजपट्टी मुलांसाठी बेतलेली आहे. मुलींची हाडं आधी जुळतात, त्यांना ती जशीच्या तशी लावता येत नाही.

तरी तिचा धाक आहे. जानेवारी २०२३मध्ये कॅमेरूनच्या सतरा वर्षांखालील संघाच्या ३० खेळाडूंपैकी २१ जण या चाचणीत बाद झाले आणि पात्रता फेरीच्या तोंडावर नवा संघ उभा करावा लागला. एमआरआय नव्हतं तेव्हाही पकडले जायचेच. १९८८ला मेक्सिकोने वीस वर्षांखालील पात्रता स्पर्धेत चार जास्त वयाचे खेळाडू उतरवले, आणि त्यांच्या खऱ्या तारखा त्यांच्याच महासंघाच्या वार्षिकात छापलेल्या सापडल्या. शिक्षा फक्त त्या चौघांना झाली नाही. मेक्सिकोचे सगळे राष्ट्रीय संघ दोन वर्षं बाहेर, १९९०चा मोठा विश्वचषकही गेला.

तपासणीच्या दिवसाचं थोडं. मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी घरीच काढून ठेवावी, साबण लावूनही न निघणारं कडं आयत्या वेळी कापावं लागतं. मशीनचा आवाज मोठा असतो, हात मात्र तसूभर हलवायचा नाही, नाहीतर चित्र पुसट येतं आणि पुन्हा झोपावं लागतं. आंब्याच्या झाडावरून पडून मनगट मोडलेलं असेल, आत पट्टी किंवा स्क्रू असेल, तर ते आत जाण्याआधी तंत्रज्ञाला सांगायचं, आणि त्या वेळच्या एक्स-रेचं पाकीट सोबत न्यायचं. जुन्या फ्रॅक्चरने त्या बाजूची कूर्चा वेळेआधी बंद झालेली असू शकते, आणि तसं असेल तर दुसऱ्या हाताचं चित्र काढा, अशी मागणी करायला हातात तो एक्स-रेच असतो.