चिमणी कुठे गेली?

‘एवढ्याशा पोरांना सगळे धर्म शिकवता, वर देव न मानणाऱ्यांबद्दलही सांगता. गोंधळत नाहीत का ती?’ पालकसभेत हे हमखास विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

तिसरीच्या खिडकीखाली एकदा चिमणी मरून पडली होती. पोरांनीच खड्डा खणून तिला पुरलं. हात झटकताना एक म्हणाली, ‘ती देवाकडे गेली.’ दुसरा म्हणाला, ‘परत जन्म घेणार.’ तिसरी म्हणाली, ‘आमचे बाबा म्हणतात, माती होते. संपलं.’ मग सगळे माझ्याकडे वळले. ‘बाई, खरं कोणाचं?’

मी म्हटलं, यातलं काय तपासून बघता येईल? एकजण लगेच, ‘आठ दिवसांनी उकरू!’ त्यावर मागून आवाज आला, ‘उकरून देव दिसतो का?’ तो तास मला नीट आखूनही जमला नसता. (उकरू मात्र दिलं नाही.)

मग सांगितलं, हे भांडण फार जुनं आहे. मेल्यावर मागे काही उरत नाही, असं प्राचीन भारतातले चार्वाक नावाचे नास्तिक विचारवंत म्हणत. जैन आणि बौद्ध पुनर्जन्म मानतात, पण जग निर्माण करणारा देव मानत नाहीत. हे ऐकून पोरं चाट पडली, कारण धर्म म्हटलं की तसा देव असणारच, असं त्यांनी धरलं होतं.

धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली सरकारी शाळांनी करवून घेतलेलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, तेव्हाही धर्मांचा अभ्यास करायला मोकळीक ठेवलीच होती. वर्गात हा फरक एका शब्दावर टिकतो: ‘मानतात’. ‘देव जग निर्माण करतो’ नाही, ‘देवाने जग निर्माण केलं असं हे लोक मानतात’. ‘देव नाही’ नाही, ‘देव नाही असं हे मानतात’. आणि ‘सगळे’ऐवजी ‘बरेचजण’, कारण एकाच घरात आजी आणि आई वेगळं मानतात, हे पोरांना आपल्याआधी कळलेलं असतं.

मी चुकलेही आहे. सुरुवातीला फळ्यावर तक्ता काढायचे: एकेका धर्माचा रकाना, शेवटी ‘इतर’. एका मुलीने विचारलं, ‘आम्ही इतर का?’ तिच्या घरी कुठलाच धर्म पाळत नसत, पण खोटं बोलायचं नाही, दुखवायचं नाही, हे सगळं होतंच. तो रकाना पुसला तो पुसलाच.

‘बाई, तुम्ही देव मानता?’ हेही विचारतात. चौथी झाल्यावर सांगेन, म्हणते. एकजण सातवीत गेल्यावर खरंच आला. सांगितलं. म्हणाला, ‘मला उलटंच वाटलं होतं.’