सांधा दुखतो, मग हिमोग्लोबिन का उतरतं?

"मॅडम, दुखतोय गुडघा, आणि तुम्ही सांगताय रक्त कमी आहे. गुडघ्यातून रक्त गळतं का?"

आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायका, आमवाताच्या पेशंट, हातात रिपोर्टांची पिशवी. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते, कारण याच प्रश्नापाशी मी स्वतः अडले होते. आईच्या बाबतीत.

आईची बोटं सुजायची. सकाळी कणीक मळता यायची नाही, आधी कितीतरी वेळ हात गरम पाण्यात धरून बसायची. हिमोग्लोबिन 8.9. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या त्या दीड वर्ष चालल्या. पोटात जळजळ व्हायची, पण आकडा हलायचा नाही. घरात येणारं जाणारं माणूस सांगायचं, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा. तिने सगळं खाल्लं. तरी आपलंच कुठेतरी चुकतंय असं तिला वाटत राहिलं.

लोह तिच्या अंगात होतं, फक्त कुलपात होतं. सुजलेल्या सांध्यातून इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप्या रक्तात उतरतो. त्याचं जनुक 1986 मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात तोशिओ हिरानो आणि तदामित्सु किशिमोतो यांच्या चमूने वेगळं काढलं. हा निरोप लिव्हरच्या पेशीला पोहोचला की आतलं स्टॅट-3 हे प्रथिन जागं होतं, केंद्रकात शिरतं आणि हेप्सिडिन या लोहावर पहारा ठेवणाऱ्या हार्मोनचं जनुक चालू करतं. हेप्सिडिन आतड्याच्या पेशींमधली लोह बाहेर सोडणारी दारंच मोडीत काढतं. गोळीतलं लोह पेशीतच अडकतं आणि काही दिवसांनी ती पेशी झडली की तिच्याबरोबर वाया जातं. जुन्या रक्तपेशींमधून सुटलेलं लोह प्लीहेत पडून राहतं. साठा आहे, पण हाडांच्या मगजाला मिळत नाही.

शरीर वेडं नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. चार दिवसांच्या तापात लोह लपवणं शहाणपणाचंच. आमवातात तेच वर्षानुवर्षं चालतं.

सूज सांध्यातली, पण निरोप अंगभर फिरतात आणि प्रत्येक अवयव आपापलं उत्तर देतो. मूत्रपिंडात रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं जनुक मंदावतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कॉक्स-2चं जनुक चालू होतं आणि ताप चढतो. लिव्हर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन बनवणं कमी करतं, काही औषधं पचवणारी जनुकंही मागे पडतात, म्हणून नेहमीच्याच डोसचं औषध आजारपणात कधी कधी जास्त लागू होतं. पोथी सगळ्या पेशींत तीच, साधारण 20,000 जनुकांची. पण प्रत्येक अवयवाने बरेचसे अध्याय घट्ट गुंडाळून ठेवलेले असतात. निरोप आला की जो अध्याय सुटा आहे तोच वाचला जातो.

हे सगळं न दिसणारं वाटतं ना? आमच्याकडे ते डोळ्यांनी दिसतं. ईएसआर, म्हणजे लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजणारी तपासणी. तिच्या काचेच्या नळीत 200 मिलिमीटरपर्यंत रक्त भरून ती तासभर उभी ठेवायची. निरोगी रक्तात लाल पेशी एकमेकींपासून अंतर राखून सावकाश खाली बसतात. दाह, म्हणजे अंगात अशी सूज, असला की लिव्हर फायब्रिनोजेनचं जनुक जोरात चालवतं, आणि या प्रथिनामुळे लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात. मायक्रोस्कोपखाली ती चवड स्पष्ट दिसते. चवड जड, म्हणून भराभर बसते. तासाभराने वर 80-90 मिलिमीटर नुसता पिवळसर प्लाझ्मा उरतो. मी विचारणाऱ्या ताईंना नळीपाशी बोलावते. म्हणते, बघा, तुमच्या बोटांतल्या सुजेने लिव्हरला काय करायला लावलंय ते इथे दिसतंय.

पण म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, कळकळीने सांगते. पाळीत जास्त जाणं, वेदनाशामकांनी जठरात झालेली जखम, यांनी लोह खरोखरच कमी झालेलं असू शकतं, आणि कुलपातलं लोह आणि खरी कमतरता, दोन्ही कारणं एकाच बाईत असू शकतात. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी कराल त्याच दिवशी दाह दाखवणारी सीआरपीही करा. दाहात फेरिटिन आपोआप वाढतं, त्यामुळे एकट्या त्या आकड्याने फसगत होते. रिपोर्ट घेऊन सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आईला पुढे मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं. बोटांची सूज ओसरली आणि सात-आठ महिन्यांत हिमोग्लोबिन 11.4 झालं, लोहाची एकही गोळी न घेता. त्या दिवशी ईएसआरची नळी मीच लावली. तास झाला तेव्हा रक्त 18 मिलिमीटरच खाली बसलं होतं. आई शेजारी स्टुलावर बसून बघत होती. मी तिला हेच सगळं सांगितलं, पोथीसकट. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे माझं खाण्यापिण्यात काही चुकत नव्हतं ना गं?"

नाही आई, काहीच चुकत नव्हतं.