तारखेपासून मागे मोजा: मुलांची भाजी प्रदर्शनात मांडायची तर

पुण्यात प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे एम्प्रेस गार्डनमध्ये प्रदर्शन भरतं. फुलं, कुंड्या, भाज्या बघायला सगळं शहर लोटतं. तिथं असो, शाळेच्या गॅदरिंगमधल्या मांडणीत असो, की सोसायटीच्या बागकाम मंडळाच्या स्पर्धेत, मुलांच्या भाज्या एकाच कारणानं मागे पडतात. भाजी वाईट नसते, ती त्या दिवशी तयार नसते. गाजर तयार व्हायला अजून पंधरा दिवस असतात किंवा मुळा आठवडाभर आधीच जून झालेला असतो. म्हणून पहिलं काम बियाण्याच्या दुकानात नाही, कॅलेंडरसमोर बसून करायचं.

२४ जानेवारीला ताट, म्हणजे एकाच भाजीचे ठरलेले नग एकत्र ठेवून, मांडायचं आहे असं धरू आणि मागे मोजत जाऊ. बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेले दिवस साधारण हवेचे असतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं तेव्हा वाढ मंदावते, म्हणून पाकिटावरच्या आकड्यात आठ-दहा दिवस मिळवायचे. त्या हिशोबानं वांग्याचं बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकायचं आणि रोप ऑक्टोबरच्या मध्याला लावायचं. टोमॅटोचं बी सप्टेंबरअखेर, लागवड ऑक्टोबरअखेर. गाजर १५ ते २० ऑक्टोबर. गोल्डन एकर कोबीचं बी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, रोप महिन्याभरानं जागेवर. बीट नोव्हेंबरचा पहिला आठवडा. जपानी व्हाईट मुळा नोव्हेंबर संपता संपता. मेथी मात्र एकदाच पेरू नका. १८, २२ आणि २६ डिसेंबर अशा तीन पेरण्या करा, त्यातली एक बरोबर जुडीच्या उंचीला येईल. बाकीच्या दोन जेवणात जातात, नुकसान काही नाही.

कोणत्या मुलानं काय घ्यावं? आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मेथी आणि मुळा द्यावा, महिना-दोन महिन्यांत हातात काहीतरी येतं आणि उत्साह टिकतो. पाचवी-सहावीपासून गाजर, बीट, टोमॅटो. वांगं, फ्लॉवर आणि शेवंती आठवीच्या पुढे, कारण त्यांना रोज बघावं लागतं. शेवंतीची छाटकलमं तर जून-जुलैतच लावावी लागतात, आणि नंतर शेंडे खुडायचं काम ऑगस्टपर्यंत चालतं. शाळा सुरू झाल्या झाल्या ठरवलं नसेल तर त्या वर्षी शेवंतीचा नाद सोडावा.

आता गाजर. ताटात पाच गाजरं लागत असतील तर तीस उगवायची. पुण्याच्या बऱ्याच भागातली माती एक तर चिकट काळी, नाही तर मुरमाड. दोन्हींत गाजराला फाटे फुटतात. मुळाच्या टोकाला खडा, ढेकूळ किंवा न कुजलेलं शेणखत लागलं की टोक मरतं आणि बाजूनं दोन-तीन मुळं धावतात. म्हणून गाजर पिशवीत किंवा वाफ्यात कसलेल्या मातीतच घ्यावं. चार भाग चाळलेली लाल माती, तीन भाग जुनं गांडूळखत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग नदीची वाळू. खोली किमान ३० सेंटिमीटर. शेणखत घालायचंच असेल तर वर्षभर कुजलेलं, हातात घेतल्यावर वास न येणारं. बी रात्रभर भिजवून, सावलीत कोरडं करून, वाळूत मिसळून एक सेंटिमीटर खोल ओळीत टाकायचं आणि वर ओलं गोणपाट पसरायचं. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात वरचा थर एकदा जरी कडक सुकला तरी ओळीत बोळकी पडतात. कोंब दिसताच गोणपाट त्याच संध्याकाळी काढायचं, नाही तर रोपं पांढरी, लांबुडकी होतात.

विरळणी हा मुलांना सगळ्यात नकोसा वाटणारा भाग. उगवलेलं रोप उपटायला जीव होत नाही, पण दोन बोटांत एक गाजर मावेल एवढी जागा ठेवली नाही तर सगळीच पेन्सिलीएवढी राहतात. रोपं बोटभर झाली की पाच सेंटिमीटरवर, आणखी तीन आठवड्यांनी सात-आठ सेंटिमीटरवर. उपटू नका, कात्रीनं जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारच्या मुळाला धक्का बसत नाही. गाजराची मान मातीबाहेर आली की उन्हानं हिरवी पडते आणि परीक्षकाची नजर आधी तिथंच जाते. दर पंधरा दिवसांनी दोन बोटं माती चढवायची. केसाळ मुळं दिसली तर नत्र जास्त झालं असं समजावं. फुटलेलं गाजर म्हणजे आधी ताण आणि मग एकदम भरपूर पाणी. बीटाची विरळणीही चुकवू नये. बीटाचं एक बी म्हणून जे दिसतं तो बियांचा गुच्छ असतो, त्यातून दोन-चार रोपं येतात आणि एकच ठेवायचं असतं.

पुण्याच्या मुलानं ताटात मांजरी गोटा मांडावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याच शेजारच्या मांजरी गावाचं नाव लावणारं हे वांगं. गोल, जांभळट गुलाबी अंगावर पांढरे पट्टे, देठावर आणि टोपीवर काटे. ते काटे शाबूत असणं हीच त्याची ओळख, म्हणून तोडताना देठ कात्रीनं कापायचा, पिळायचा नाही. रोपं दोन फुटांवर, किंवा १५ इंची पिशवीत एक. सोलापूर रस्त्याला मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. तिथून ट्रेमधली रोपं आणली तरी चालतं, पण वाण विचारून, लिहून घ्यावं.

वांग्याचा शत्रू म्हणजे शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. आधी एखादा शेंडा भर सकाळी, मातीत ओल असूनही मान टाकतो. तो तिथून बोटभर खाली कापून, चिरून बघावा. आत गुलाबीसर अळी सापडते. कापलेला शेंडा बागेत टाकू नये, पिशवीत बांधून नष्ट करावा. हे काम आठवड्यातून दोनदा केलं तर निम्मी लढाई तिथंच जिंकली जाते. फळं धरू लागली की कामगंध सापळा लावावा, मादीच्या गंधानं तो नर पतंगांना ओढून पकडतो. बारकी अळी बहुतेक टोपीखालून फळात शिरते, त्यामुळे वरून फळ निखळ दिसतं. मांडण्याआधी प्रत्येक वांग्याची टोपी हलकेच उचलून बघा. तिथं बारीक काळपट ठिपका किंवा भुसा दिसला तर ते फळ बाजूला. वांगं कोवळं आहे का हे चकाकीवरून कळतं. कातडी मंद पडली की आत बी पक्कं झालं. अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडून परत भरून यावा.

टोमॅटोचं दुखणं वेगळं. बुडाशी काळा, दबलेला डाग दिसला की लोक औषध फवारतात, पण तो रोग नव्हे. पाणी अनियमित झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, त्याचा तो परिणाम. गच्चीवरच्या पिशवीला जानेवारीतही रोज थोडं पाणी लागतं, शनिवार-रविवारी बालदीभर देऊन भागत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे वाण आपल्या हवेत चांगले येतात. पुसा रुबीला खाचा असतात, त्यामुळे एकसारखी पाच फळं निवडणं अवघड जातं. मावा, पांढरी माशी दिसली तर निंबोळी तेल लिटरला पाच मिलि आणि मिसळण्यापुरता पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. डिसेंबरात ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस आला की करपा येतो. खालची जमिनीला टेकणारी पानं आधीच काढून टाकलेली असावीत.

फ्लॉवरबद्दल थोडंच. गड्डा सुपारीएवढा दिसला की आतली पानं वर ओढून सुतळीनं सैल बांधा, ऊन लागून पिवळा पडत नाही. रोप सहा आठवड्यांपेक्षा जुनं लावलं तर झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरतं आणि मग काही करता येत नाही. कोबी आधीच तयार झाला आणि तारखेला दहा दिवस बाकी असतील तर गड्डा दोन्ही हातांनी धरून पाव वळसा फिरवा. काही मुळं तुटतात, पाणी कमी ओढलं जातं, आणि गड्डा फुटायचा थांबतो.

निवड हा सगळ्यात मोलाचा तास. मुलं सगळ्यात मोठं फळ उचलतात आणि त्याच्याशेजारी चार लहान ठेवतात. ताट हा एक संच म्हणून बघितला जातो, त्यामुळे पाचांतलं सगळ्यात कमकुवत फळ सगळ्या ताटाला खाली ओढतं. मोठं हवं असा वेगळा गट असेल तर गोष्ट निराळी. पाच लागत असतील तर बारा-पंधरा फळं पांढऱ्या कागदावर ओळीत मांडा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, पाचांच्या वजनातला फरक दहा ग्रॅमच्या आत बसला पाहिजे. कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. रंग दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली टोमॅटो सगळे सारखेच लाल दिसतात. शेवटी दोन राखीव फळं ठेवा, वाटेत एक तरी दबतंच.

तोडणी आदल्या दिवशी पहाटे किंवा संध्याकाळी. टोमॅटो टोपीसकट. कोबीवरची पांढरट, मेणासारखी लव पुसू नका, ती ताजेपणाची खूण असते. गाजर, मुळा पाण्याखाली मऊ फडक्यानं धुवायचा. ब्रशचे ओरखडे त्या क्षणी दिसत नाहीत, तीन-चार तासांत तपकिरी रेघा उमटतात. पाला माहितीपत्रकात सांगितला असेल तेवढा ठेवा. काहीच सांगितलं नसेल तर गाजर-बीटाचा चार बोटं ठेवून कापा, कारण पूर्ण पाला रात्रभरात मुळातलं पाणी ओढून ते मऊ करतो. तेल लावून चकाकी आणायचा मोह टाळा, जाणत्या परीक्षकाला ते लगेच कळतं. कुंडी मांडणार असाल तर गेरू आठ दिवस आधी लावा, नाही तर हाताला येतो. त्याआधी मातीच्या कुंडीवरचे क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगर आणि काथ्यानं घासून घ्या.

नेण्याची सोय आदल्या दिवशी बघून ठेवा. टोमॅटोला अंड्यांचा ट्रे उत्तम. गाजरं ओल्या सुती फडक्यात, वांगी एकेक वर्तमानपत्रात, काटे दुसऱ्याच्या अंगात घुसणार नाहीत अशी. दुचाकीवर, मांडीवर पिशवी घेऊन नेलेलं ताट क्वचितच धड पोचतं. त्या सकाळी रिक्षा करावी.

चिठ्ठीवर नुसतं ‘वांगी’ लिहू नये, ‘वांगी, मांजरी गोटा’ असं लिहावं. मुलाचं नाव लिहायचं की फक्त प्रवेश क्रमांक, हे नियमात बघा. नग किती, ताट कुणाचं, पोचायची वेळ काय, हे दरवर्षी पत्रकातूनच घ्यावं, गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये. सांगितलेल्या पाचाऐवजी सहा नग ठेवले म्हणून चांगलं ताट बाद होऊ शकतं.

नोंदवहीबद्दल आपल्याकडे फारशी जागरूकता नाही, आणि ती यायला हवी. अमेरिकेत काउंटी फेअर भरतात, जिल्हा पातळीवरच्या शेतकी जत्राच त्या. तिथं फोर-एच या युवक उपक्रमातली मुलं आपली भाजी, जनावरं, शिवणकाम मांडतात. पुष्कळ ठिकाणी प्रकल्पाची नोंद जोडावी लागते, आणि काही गटांत परीक्षक मुलाला समोर बसवून विचारतो की हे तू कसं केलंस. मुलांच्या बऱ्याच गटांत डॅनिश पद्धत वापरतात. एकाची तुलना दुसऱ्याशी न करता प्रत्येक ताट ठरवलेल्या कसोटीला लावायचं आणि निळी, लाल किंवा पांढरी फीत द्यायची. चांगली ताटं दहा असतील तर दहांनाही निळी मिळते. आपल्या शाळांनी आणि सोसायट्यांनी लहान गटासाठी हे उचलावं, त्यासाठी जास्तीचा खर्च फितीपलीकडे काही नाही.

वही साधी दोनशेपानी. तारीख, वाण, बी कुठून आणि कितीला आणलं, उगवण किती दिवसांत, पाणी, खत, दिसलेली कीड आणि त्यावर काय केलं, तोडणीचं वजन. नोंदी मुलाच्याच अक्षरात हव्यात, पालकांच्या नाहीत. परीक्षकानं ‘हे डाग कशानं आले?’ असं विचारलं तर त्या मुलाला उत्तर तोंडपाठ करायची गरज पडत नाही, पान उलटून दाखवता येतं. पालकांनी पिशव्या उचलाव्यात, फवारणी आपल्या हातानं करावी, रिक्षाचे पैसे द्यावेत. विरळणी, निवड आणि मांडणी मुलांवर सोडावी.

निकाल लागल्यावर परीक्षक दालनात थांबले असतील तर मुलाला वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. दोन प्रश्न पुरतात: ताटात काय कमी पडलं, आणि पहिल्या आलेल्या ताटात काय बघितलंत. उत्तर तिथंच, त्याच वहीत, त्या भाजीच्या शेवटच्या नोंदीखाली लिहून घ्यायचं, म्हणजे पुढच्या सप्टेंबरात बी टाकायच्या आधी ते पान उघडता येईल.