कोपऱ्यातला आकडा

डिजिटल पत्त्यांच्या खेळात नवा भिडू ओळखायचा असेल, तर पान हातात आल्यावर त्याची नजर आधी कुठे जाते ते पाहावं. नवा माणूस चित्र बघतो. आग ओकणारा ड्रॅगन, चिलखतातली राणी, डोळ्यांतून जाळ सोडणारा कुणी मांत्रिक. चित्रकाराने जीव ओतलेला असतो, तेव्हा त्याचीही काही चूक नाही. मुरलेला माणूस वरच्या डाव्या कोपऱ्यातला आकडा बघतो. चित्र त्याला दिसेनासं झालेलं असतं. मला या मुरलेल्या लोकांची थोडी कीव येते, पण जिंकतात तेच, हेही खरं.

तो आकडा म्हणजे पान खेळायची किंमत. हार्थस्टोन हा २०१४ साली आलेला खेळ धरला, तर तिथलं चलन आहे माना. पहिल्या टर्नला एक माना, दुसऱ्याला दोन, असं करत दहापर्यंत. खर्च केला नाही म्हणून पुढच्या टर्नला शिल्लक राहत नाही, सगळं वाया. दोघांकडे तीस-तीस प्राण, आणि समोरच्याचे शून्यावर आणायचे. नियम एवढेच. उरलेलं सगळं पानांवर लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच हे खेळ सुरू करायला सोपे वाटतात. वाचता येणारा कुणीही पहिल्या दिवशी खेळायला लागतो. शिकवणीचे डाव जिंकून देण्याचीही व्यवस्था असते. मग खऱ्या माणसाशी गाठ पडते.

या खेळाच्या मूळ संचात अलेक्स्ट्राझा नावाची ड्रॅगन होती. नऊ माना, आठ ताकद, आठ प्राण. टेबलावर येताक्षणी ती कुठल्याही एका नायकाचे, म्हणजे दोघांपैकी एका खेळणाऱ्याचे, प्राण थेट पंधरावर आणून ठेवायची. असं पान हाती लागल्यावर नव्या माणसाला वाटतं, काम झालं. आता कोपऱ्यातल्या नवाचा हिशेब करू. डेक, म्हणजे आपण आधीच निवडून बांधलेली गड्डी, तीस पानांची; त्यात हिची प्रत एकच ठेवता येते. आधी खेळणाऱ्याच्या हातात सुरुवातीला तीन पानं येतात, पुढे दर टर्नला एक. म्हणजे नवव्या टर्नपर्यंत बारा पानं हातून गेलेली असतात. त्या बारांत ही बाई असण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात चाळीस. उरलेल्या साठ वेळा ती डेकच्या तळाशी झोपा काढत असते आणि इकडे मालकाचं दिवाळं वाजतं. शिवाय ती पहिल्याच हातात आली तर ते आणखी वाईट, कारण आठ टर्न एक जागा अडवून ती नुसती शोभेला बसते.

त्याच वेळी समोरच्याने दुसऱ्या टर्नला दोन मानाचा, तीन ताकदीचा एक फुटकळ सरडा उतरवलेला असतो. त्याचं चित्र कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. उतरलेला प्राणी सहसा पुढच्या टर्नपासून मारायला लागतो. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा, आठवा: त्याला कुणी अडवलं नाही तर सहा वेळा तीन, म्हणजे अठरा. तीसपैकी अठरा! ड्रॅगनला पान टाकून बोलावण्याइतका माना जमेपर्यंत एकट्या सरड्याने अर्ध्याहून जास्त काम उरकलेलं असतं. आणि तो एकटा कधीच नसतो.

हे एकदा कळलं की डेक बांधण्याकडे बघायची दृष्टी बदलते. खेळणारे ज्याला ‘कर्व्ह’ म्हणतात तो हाच प्रकार. एक-दोन-तीन मानाची पानं भरपूर, मग चढत्या किमतीची कमी कमी, आणि आठ-नऊ-दहाची अगदी मोजकी. डेकच्या पडद्यावर किमतीनुसार छोटे खांब दाखवलेले असतात. नवशिक्याच्या डेकमध्ये उजवीकडचा खांब आभाळाला भिडलेला असतो. एखाद्या लग्नाच्या पंगतीत सगळे वरमाईच असाव्यात आणि वाढायला कुणी नसावं, तशी ती डेक असते.

ही महाग पानं काढून टाकणं हा सुरुवातीचा सगळ्यात कठीण भाग आहे, असं माझं मत. पानं मिळवणं त्या मानाने सोपं. तीसच्या मर्यादेत एकतिसावं पान बसत नाही, आणि ते एकतिसावं नेमकं आपलं लाडकं असतं. प्रत्येक खेळाची मर्यादा वेगळी. मॅजिक या मूळच्या कागदी खेळात कमीत कमी साठ पानं लागतात, पोकेमॉनच्या मोबाइलवरच्या पॉकेट खेळात वीस, मार्व्हल स्नॅपमध्ये तर फक्त बारा. बारा म्हणजे चैनच नाही. एक पान हौसेखातर ठेवलं तर बारावा हिस्सा हौसेला गेला. तरी लोक ठेवतात. मीही एक निरुपयोगी पान वर्षानुवर्षं पोसत आलो आहे आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

या सगळ्याचं मूळ कागदावर आहे. १९९३ साली मॅजिक: द गॅदरिंग आला. तो रचणारा रिचर्ड गारफील्ड हा गणितातला डॉक्टरेट मिळवलेला माणूस. त्याचा विषयही मोजणी आणि जुळण्यांचं गणित. मॅजिकमध्ये चलनसुद्धा पानांतूनच येतं. साठांतली साधारण चोवीस पानं नुसत्या जमिनीची, आणि जमीन उतरवल्याशिवाय माना नाही. आता पत्ते पिसल्यावर जमिनी एकीकडे आणि योद्धे दुसरीकडे गोळा झाले, तर माणूस सात पानं हातात घेऊन हात चोळत बसतो. कधी जमीनच जमीन, कधी एकही नाही. याला वैतागून किती जण उठून गेले असतील! हार्थस्टोनने दर टर्नला आपोआप एक माना देऊन हे दुखणंच काढून टाकलं. नव्या माणसासाठी ते बरंच झालं. पण मॅजिकवाले म्हणतात, त्या दुखण्यातच अर्धा खेळ आहे, किती जमिनी ठेवायच्या हे ठरवण्यात खरी अक्कल लागते. दोघांचंही बरोबर आहे. सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी बिनदुखण्याचा खेळ धरावा.

संगणक आल्यावर एक गंमत झाली. पत्ते पिसताना दिसेनासे झाले. समोर बसलेला माणूस पत्ते पिसतो तेव्हा आपण त्याच्या बोटांकडे बघू शकतो. पडद्यावर कुणाच्या बोटांकडे बघणार? त्यामुळे सलग तीन वाईट हात आले की प्रत्येकाला खात्री पटते की यंत्र आपल्यावर डूख धरून आहे. मॅजिकच्या अरिना या डिजिटल अवतारात, एकाच डावात निकाल लागणाऱ्या सामन्यांसाठी, यंत्र पहिला हात देताना खरोखर थोडी ढवळाढवळ करतं. एकापेक्षा जास्त हात काढून बघतं आणि जमिनींचं प्रमाण डेकशी जास्त जुळेल त्या हाताकडे झुकतं. म्हणजे लबाडी आहे, पण खेळणाऱ्याच्या भल्याची, आणि उघडपणे सांगितलेली. तरीही तक्रारी थांबलेल्या नाहीत. चांगला हात आला की आपलं कौशल्य आणि वाईट आला की यंत्राचा कट, हा हिशेब कुठल्याच खेळात बदलत नाही.

कागदावर जे जमलंच नसतं असंही संगणकाने पुष्कळ करून दाखवलं. हार्थस्टोनमध्ये २०१६ साली यॉग-सरॉन नावाचं दहा मानाचं पान आलं. तोपर्यंत डावात तुम्ही जितके मंत्र टाकलेले असतील तितके नवे मंत्र हा प्राणी आपल्या मर्जीने, कुणावरही, सोडत सुटायचा. कधी शत्रूची फौज साफ, कधी आपलीच, कधी तो स्वतःच्याच मंत्राने मरायचा. हरत आलेल्या माणसाने तो टाकायचा आणि दोघांनी मिळून आतषबाजी बघायची. काही महिन्यांतच त्याचे पंख छाटावे लागले. डिजिटल पानाचं हे एक वैशिष्ट्य: तुमच्या संग्रहातलं पान तुम्ही झोपेत असताना बदलू शकतं. काल चार मानाचं होतं, आज पाच. कागदी पानावर असा वरून हुकूम सहसा चालत नाही; बहुतेकदा स्पर्धेत त्याच्यावर बंदी येते.

आता पॅक, म्हणजे नव्या पानांची बंद पाकिटं. हा विषय टाळता येत नाही, कारण पुष्कळांची सुरुवात इथूनच होते आणि काहींचा शेवटही. हार्थस्टोनचा पॅक उघडताना तो बोटाने उचलून मधल्या चौकटीत ठेवावा लागतो. ठेवला की तो हलतो, गुरगुरतो, फुटतो, आणि पाच पानं पालथी पडतात. पालथ्या पानावर कर्सर नेला की कडेने प्रकाश येतो. पान साधं असेल तर फिकट, मग निळा, जांभळा आणि सगळ्यात दुर्मीळ असेल तर नारिंगी. म्हणजे आत काय आहे ते न उलटताच अर्धं कळतं. काही लोक आधी पाचही पानांवरून कर्सर फिरवतात आणि नारिंगी शेवटी उलटतात. काही जण डोळे मिटून भराभर उलटतात. मी पहिल्या जातीचा. पोकेमॉन पॉकेटमध्ये तर पॅकची कडा बोटाने फाडावी लागते, पॅक फिरवून पाठीकडूनही फाडता येतो, आणि बारा तासांनी एक पॅक फुकट मिळतो. तिथे लढाई केली नाही तरी चालतं, नुसते पॅक फाडणारी मंडळीही सुखात असतात.

यातलं अंकगणित मात्र प्रकाशाइतकं सुंदर नाही. नारिंगी पान सरासरी वीस पॅकमागे एक, म्हणजे शंभर पानांत एक. नको असलेली पानं मोडून त्यांची भुकटी करता येते आणि त्या भुकटीतून हवं ते पान घडवता येतं. नारिंगी पान घडवायला सोळाशे भुकटी लागते, तेच मोडलं तर चारशे मिळते. साधं पान मोडलं तर पाच. म्हणजे एका ड्रॅगनसाठी तीनशे वीस साध्या जिवांचा बळी. या बाजारात नवा माणूस पहिली भुकटी हाती येताच चित्र बघून ती उडवतो, म्हणून माझा आग्रह असा की पहिले काही आठवडे काहीच मोडू नये, काहीच घडवू नये, आणि पैसे तर मुळीच टाकू नयेत. फुकटात मिळालेल्या वेड्यावाकड्या पानांवर खेळावं. तेव्हा संग्रह लहान असतो, म्हणून प्रत्येक पान तोंडपाठ होतं, आणि त्या फुटकळ सरड्याचाही उपयोग सुचतो. पुढे सगळी पानं आली की माणूस कुणाची तरी जिंकणारी यादी उतरवून घेतो आणि मग सगळे त्याच चार-पाच डेक घेऊन एकमेकांशी भिडतात.

दारातच पैसे मागितले तर काय होतं, तेही पाहून झालेलं आहे. याच गारफील्डने रचलेला आर्टिफॅक्ट हा खेळ व्हॉल्व्हने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आणला. आधी खेळ विकत घ्या, मग पॅक विकत घ्या, हवं ते पान बाजारातून विकत घ्या. रचना चांगलीच खोल होती. पण महिन्या-दोन महिन्यांत खेळणारे पांगले आणि २०२१ मध्ये कंपनीने पुढचं काम थांबवून तो फुकट करून टाकला. तोवर फार उशीर झाला होता.

समोरच्याशी बोलण्याची सोयही या खेळांत जपून ठेवलेली आहे. मनात येईल ते लिहिता येत नाही, ठरलेली पाच-सहा वाक्यंच म्हणता येतात. वाटलं होतं, यातून सभ्यता राहील. पण हार्थस्टोनमध्ये ‘सॉरी’ म्हणायची सोय होती आणि लोक ती नेमकी शेवटचा घाव घालताना वापरायचे. इतकी, की २०१६ साली ते ‘सॉरी’च काढून टाकलं आणि त्या जागी ‘वॉव’ आणलं. मग आपण हातचं पान वाया घालवलं की समोरून ‘वॉव’ यायला लागलं. समोरच्याला गप्प करायचं बटण आहे. ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवावं.

आणि माघार घ्यायला शिकावं. मार्व्हल स्नॅप हा २०२२ मध्ये आलेला खेळ यासाठी उत्तम गुरू आहे. सहा टर्न, पानं मांडायच्या तीन जागा, बघता बघता डाव संपतो. इथे प्रत्येक डावावर क्यूब, म्हणजे पणाला लावलेले गुण, लागलेले असतात. सुरुवातीला एक, शेवटच्या टर्ननंतर दोन, आणि कुणी मध्येच ‘स्नॅप’ करून पण वाढवला तर चार, दोघांनीही केला तर आठ. हरणार असं दिसलं की वेळेवर पळून जाता येतं आणि एका क्यूबवर सुटका होते. क्रमवारीत वर चढणारे लोक जिंकण्याइतकेच पळण्यातही पटाईत असतात. नवा माणूस पळत नाही. तो शूर असतो म्हणून नव्हे. समोरच्याने इतका वेळ हातात दाबून ठेवलेलं ते शेवटचं पान कुठलं आहे, ते त्याला बघायचं असतं. त्या बघण्याचे कधी दोन क्यूब पडतात, कधी आठ.