‘आन’ म्हणजे

रात्री साडेदहाला फोन आला तेव्हा मी नुकतीच आडवी झाले होते. गेस्ट हाउसमधून चिऊचे नवे बाबा बोलत होते. दीड तास झाला, ती रडतेय आणि एकच शब्द म्हणतेय, एवढं त्यांनी तुटक इंग्रजीत सांगितलं. मागून तिचा आवाज येत होता. "आन... आन..."

मी म्हटलं, ती ‘आण’ म्हणतेय, काहीतरी मागतेय. पाणी देऊन पाहा, बाहुली द्या, केळं द्या. त्यांनी सगळं दिलं. रडणं चालूच.

पुण्यातल्या एका दत्तक संस्थेत मी चौदा वर्षं समाजसेविकेचं काम करते. मुलांच्या फायली मी तयार करते, पालकांशी मी बोलते, आणि मूल ज्यांच्या हाती द्यायचं त्यांच्याजवळ त्या दिवशी मीच उभी असते. या मुलीला इथं चिऊ म्हणते. खरं नाव तिचं तिच्याकडे राहू दे.

चिऊ आमच्याकडे आली ती काही दिवसांची असताना. ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले. अशा बाळाला ओढून दूध पिता येत नाही. संस्थेत मुलं सांभाळणाऱ्या आमच्या मावशींनी तिला बोंडल्यानं, थेंब थेंब करून वाढवलं. पाजताना बाळ उभं धरायचं, नाहीतर दूध नाकावाटे येतं. सहा महिन्यांची असताना ओठाची शस्त्रक्रिया झाली, सव्वा वर्षाची असताना टाळूची. व्रण आता बारीक रेघेएवढा उरलाय. बोलणं मात्र नाकातून येतं, ‘पाणी’चं ‘माणी’ होतं, आणि काही अक्षरं तर उमटतच नाहीत.

देशातल्या पालकांकडे तिची माहिती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा नकार आला. त्या रेघेसाठी. याचा मला आजही राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. मग ती परदेशातल्या पालकांसाठी खुली झाली आणि इटलीतल्या एका जोडप्यानं होकार दिला. पुढे कागदांची लांबलचक वाट होती. त्यांच्या घराची-कुटुंबाची पाहणी करून केलेला गृहअभ्यास अहवाल, ‘कारा’चं म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश (सप्टेंबर 2022 पासून हे काम न्यायालयाकडून त्यांच्याकडे आलं), परदेशी दत्तकासाठीच्या आंतरराष्ट्रीय हेग कराराच्या 23 व्या कलमाखालचं प्रमाणपत्र. शेवटी पासपोर्ट. भारताचाच, निळा, पण आडनाव नवं.

त्यांनी आधी एक अल्बम पाठवला होता. घर, जिना, गॅलरीत साचलेला बर्फ, करड्या रंगाची मांजर. चिऊ तो उशाशी घेऊन झोपायची. व्हिडिओ कॉलवर आधी मांजरच दाखवायला लावायची. एवढ्या लहान मुलीची इच्छा कशी समजून घ्यायची? कायदा म्हणतो, वय आणि समज पाहून मुलाचं मन विचारात घ्या. मी तिला विचारलं, "जायचं का गं?" ती म्हणाली, "मावशी पण?" मी म्हटलं, मावशी इथंच राहणार. ती बराच वेळ अल्बमची पानं उलटत राहिली. त्यानंतर आम्ही तीन महिने रोज थोडं थोडं बोललो.

ते आले तो दिवस छान गेला. रात्रभरचा विमानप्रवास, मग मुंबईहून गाडीनं पुणे, तरी दोघं ताठ बसून होती. मावशींनी औक्षण केलं. आईनं गुडघ्यावर बसून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मी तुझी आई." चिऊ गेली आणि सरळ तिच्या पिशवीत मांजर शोधायला लागली. जेवताना मावशी वरणभात भरवत होत्या. चिऊनं तोंड फिरवलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "बस का आता?" त्या बाईचा चेहरा एकदम उजळला. "बास्ता!" त्यांच्याकडेही तसंच म्हणतात. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या दिवशी त्या दोघींमध्ये एवढाच एक शब्द सामाईक होता.

संध्याकाळी चिऊ त्यांच्याबरोबर गेली, न रडता. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, आणि तिथंच मी चुकले. इतक्या वर्षांत मी पाहिलंय, दिवसा न रडलेलं मूल अंधार पडला की रडतं.

तर तो फोन. काही सुचेना तेव्हा मी संस्थेत फोन लावला. मावशींची रात्रपाळी होती. त्यांना सांगितलं, आण आण करतेय, काय आणायचं ते कळत नाही.

मावशी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "अवो ताई, आण नाय. कान मागतीय ती. कानाची पाळी धरल्याबिगर झोपतच नाय."

मला हे माहीत नव्हतं. तिच्या फायलीत वजन, उंची, लसी, दोन्ही शस्त्रक्रियांच्या तारखा, श्रवण तपासणी, सगळं होतं. पाच वर्षं ती रोज रात्री मावशींचा कान धरून झोपली आणि ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कोण, मी. आणि मी मावशींना विचारलं होतं ते काय, तर ‘खाते का, झोपते का’. त्या म्हणाल्या होत्या, ‘झोपते की.’

मावशींना व्हिडिओ कॉलवर घेतलं. चिऊनं त्यांना पाहिलं आणि हुंदके जास्तच वाढले. मावशींनी रडू नको म्हटलं नाही. "हां बाळा, हां," एवढंच म्हणत राहिल्या. मग स्वतःची पाळी चिमटीत धरून त्यांनी त्या बाईला दाखवली. बाईंच्या कानात लोंबते डूल होते. त्यांनी दोन्ही काढले, बाजूच्या टेबलावर ठेवले आणि चिऊजवळ आडव्या झाल्या. तिचा हात थोडा चाचपडला, गालावरून मागे गेला आणि पाळीवर थांबला. बाबांनी फोन तसाच धरून ठेवला होता. कुणीच बोलत नव्हतं. सुस्कारे लांबत गेले आणि वीसेक मिनिटांनी बाबांनी आवाज न करता अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी व्हिसासाठी मुंबईला निघण्याआधी त्यांना मी मुद्दाम संस्थेत बोलावलं, मावशींच्या शेजारी दोन तास बसवलं. मावशी सांगत गेल्या, मी इंग्रजीत सांगितलं, बाबांनी इटालियनमध्ये लिहून घेतलं. डोक्यावरून पाणी ओतायचं नाही, घाबरते. ‘आम’ म्हणजे आंबा. रुसली की पलंगाखाली जाते, ओढून काढायचं नाही, आपणच वाकून बसायचं. वहीची चार पानं भरली. आता प्रत्येक मुलाच्या फायलीत अशी पानं असतात, मावशी सांगतील त्याच शब्दांत. मी ती ‘सुधारत’ नाही.

परदेशी गेलेल्या मुलांचे अहवाल दोन वर्षं येतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. चिऊचा पहिला आला तेव्हा मी मावशींना ऑफिसात बोलावून वाचून दाखवला. वजन दीड किलोनं वाढलं, वाचा-उपचार सुरू झाले, बालवाडीत जाते. मावशींचं त्याकडे फारसं लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून फोटो घेतला, पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. चिऊकडे पाहत असतील असं मला वाटलं.

"कानात काय बी नाय घातलेलं," त्या म्हणाल्या. "बघा की. त्यांच्या."